दौंडला इंजिन फिरते तेव्हा

पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंड जंक्शनात वर्षानुवर्षे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडले जाई. इंजिनाकडे तोंड करून बसलेला प्रवासी तिथून पुढे पाठमोरा जाई. गाडी सुटताना तो किंचित पुढे झुके. पण वेग स्थिर झाला, की डोळे मिटून बसलेल्याला गाडी कोणत्या दिशेने चालली आहे हे सांगता येत नसे.

न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला पहिला नियम हाच. बाहेरून बल लागेपर्यंत स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो.

फलाटाला लागणाऱ्या गाडीतून उतरणारा इथेच फसतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. डब्यात उभे असताना हा वेग फारसा जाणवत नाही. उडी मारताच पाय फलाटावर थांबतात. धड मात्र त्याच वेगाने पुढे जात असते. ते थांबवायला बल हवे, आणि ते फलाटाच्या फरशीकडून मिळते. चालती गाडी तेव्हा हातभर अंतरावर असते. रोजच्या सवयीने यात काही फरक पडत नाही. गाडी पूर्ण थांबू द्यावी, मगच उतरावे.