गव्हाणीतला कडबा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात सिक्रेट सांताच्या चिठ्ठ्या निघतात. बजेट पाचशे रुपये. त्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, 'तुझा तर घरचा सण! तुम्ही स्पेशल काय करता गं?' मी 'केक' म्हणते आणि विषय संपवते. कारण खरं उत्तर द्यायचं तर कडब्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि लंच ब्रेकमध्ये तेवढा वेळ असतो कुणाला?

तर ते उत्तर आज इथं देते.

आम्ही नगरचे. (आता अहिल्यानगर, पण आजीच्या तोंडी नगरच.) आजी राहुरी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि आमचा नाताळ तिथेच होतो. ख्रिस्ती म्हटलं की पुण्यातल्या मित्रमैत्रिणींना गोवा, वसई नाहीतर वांद्रे आठवतं. नगर कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण अमेरिकन मराठी मिशन नगरात आलं ते १८३१ मध्ये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई याच शहरात राहिल्या. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती झालेली बरीचशी कुटुंबं गावकुसाबाहेरची होती. आमचे पणजोबाही त्यातलेच. आडनावं मात्र जुनीच राहिली. त्यामुळे माझं आडनाव ऐकून लोक निवांत असतात, नाव ऐकलं की थबकतात.

आमच्याकडे नाताळात फराळ असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, सगळं दिवाळीसारखंच. शिवाय डोनट. घरी तळलेले, वरून पिठीसाखर लावलेले. ते मिशनच्या मडमांकडून आपल्याकडे आले असं आजी सांगते. दिवाळीत शेजारून आलेले डबे आम्ही रिकामे परत करत नाही, नाताळात भरून करतो. गॅलरीत बाबा अजूनही कामट्या आणि पतंगाचा कागद चिकटवून चांदणी करतात. दुकानात दोनशे रुपयांत एलईडीवाली मिळते, पण त्यांना खळ लावायचीच असते.

आणि गोठा. आमच्या गल्लीतली पोरं दिवाळीत किल्ला करायची आणि तीच पोरं, त्याच मातीचा, डिसेंबरात आमच्या दारात गोठा करायची. मोहरी पेरून हिरवळही तशीच उगवायची. मेंढपाळांची चित्रं कमी पडली म्हणून किल्ल्यावरचे मावळे आणले जायचे. आमच्या गोठ्यात कित्येक वर्षं एक मेंढपाळ हातात भाला घेऊन उभा होता. त्यात वावगं वाटायचं कुणालाच कारण नव्हतं. शेवटी रात्रीचा पहाराच तो!

गोठा मांडायची पद्धत संत फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावात त्यांनी गव्हाणीत गवत भरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि लोकांना ख्रिस्तजन्माच्या रात्रीला बोलावलं. लूकच्या शुभवर्तमानात बैलही नाही आणि गाढवही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोक येतात, पण ते तीन होते असं कुठेही लिहिलेलं नाही. संडे स्कूलमध्ये हे कळलं तेव्हा मी जाम वैतागले होते, कारण त्या वर्षीच्या नाटकात मी तिसरी मागी होते. पण गव्हाण आहे. गव्हाणीचा उल्लेख लूक चुकवत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते: गव्हाण म्हणजे जनावरांना वैरण टाकायची जागा. आजीच्या गोठ्यात ती आहे, दगडामातीची, कडा जिभांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेली. लहानपणी मी देवाच्या बाळाचा पाळणा म्हणजे सोनेरी काहीतरी समजत होते. आजीनं हाताला धरून गोठ्यात नेलं, गव्हाण दाखवली आणि म्हणाली, 'हात फिरव.' मी फिरवला. ओला होता, लाळेनं. 'इथं ठेवलं होतं त्याला,' ती म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला लागली. एवढाच आमचा धर्मशास्त्राचा तास.

आता कडबा. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्या दिवसांत आजी गोठ्यातली छोटी लाकडी गव्हाण रिकामी ठेवते. बाळाची मूर्ती तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत. घरातल्या प्रत्येकानं रोज एखादं बरं काम करायचं आणि कडब्याची एक काडी त्या गव्हाणीत टाकायची. चोवीस तारखेच्या रात्री बाळ ठेवलं जातं तेव्हा जेवढ्या काड्या, तेवढं त्याचं अंथरूण मऊ. अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना शिकवतात. आजीच्या दोन अटी मात्र तिच्या स्वतःच्या. एक, काम कुणाला कळता कामा नये. सांगितलं की काडी बाद. दुसरी, मोठ्यांनाही सुटका नाही.

लहानपणी मला हा गेम वाटायचा. मी दिवसाला सात-आठ काड्या टाकायचे, अर्ध्या खोट्या. कॉलेजात गेल्यावर तर हे सगळं भाबडं वाटायला लागलं. पण ऑफिसात पहिल्यांदा सिक्रेट सांता खेळले तेव्हा हसू आलं. कुणी दिलं ते कळू न देता द्यायचं, ही गोष्ट संत निकोलसच्या नावावर आहे, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, आताच्या तुर्कस्तानातला. त्याचाच पुढे सांता झाला. आमच्याकडे मात्र 'रिव्हील' नावाचा प्रकार असतो, केक कापताना सगळे ओरडून सांगतात की तुझा सांता मीच! आजीच्या हिशेबात सगळ्या काड्या बाद.

काडी खरंच टाकायला अवघड असते हे मला कळलं ते घरातल्या भांडणामुळे.

बाबा आणि काका. गावठाणालगतचा दीड गुंठा. आजोबांच्या नावावर होता, ते गेल्यावर वाटणीचा प्रश्न निघाला. कोण बरोबर, कोण चूक हे मी लिहिणार नाही, कारण मला घरात जेवायचं आहे. पण एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून दोन सख्खे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चमध्ये बाबा पुरुषांच्या बाकांवर पुढे बसायचे, काका अगदी मागे. पवित्र सहभागिता दोघंही घ्यायचे. पाळकसाहेबांनी एकदा समजावलं, दोघांनी मान डोलावली, झालं.

त्या तीन नाताळांत पंचवीस तारखेच्या जेवणाला एक ताट जास्त वाढलं जायचं. ही आजीची जुनी पद्धत. कुणी अवचित आलं तर 'थांबा, वाढते' म्हणायला लागू नये. लहानपणी त्या ताटावर कुणीही बसलेलं पाहिलंय मी. एका वर्षी शेतात मेंढ्या बसवायला आलेले धनगरबाबा. आमच्याकडे हिवाळ्यात धनगरांचे वाडे शेतात उतरतात, मेंढ्यांचं खत होतं म्हणून शेतकरी बोलावतातही. आजी त्यांच्याकडे पहाटे चहा आणि फराळ घेऊन जायची. 'पहिली बातमी मेंढपाळांनाच गेली होती, मग पहिली करंजीही त्यांचीच.' काका बोलेनासा झाला त्यानंतर मात्र ते ताट दरवर्षी कोरडं राहिलं. बाजरीची भाकरी गार व्हायची, रश्श्यावर तवंग धरायचा. शेवटी आजी उठून ते झाकून ठेवायची.

त्याच काळात मी पुण्यात खोली शोधत होते. तीन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर होकार, आधार कार्ड दिल्यावर 'सॉरी, जागा गेली'. एका काकूंनी निदान खरं सांगितलं, 'तुमच्यात ते सगळं खातात ना, आमच्या मिस्टरांना चालत नाही.' मी घरी फोन करून खूप तणतणले. बेथलेहेमच्या उतारशाळेतही जागा नव्हतीच, असं काहीतरी बाणेदार बोलले. पलीकडून आजी शांतपणे म्हणाली, 'हो ना. आणि आपल्या घरात आहे का?'

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. बाबा तिथेच बसले असणार, फोन स्पीकरवर होता.

मागच्या नाताळची गोष्ट. चर्चचा तरुण संघ तेवीस तारखेच्या रात्री घरोघर कॅरल गायला निघतो. गिटार असते, पण खरी मजा पेटी, ढोलकी आणि टाळांची. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग-भजनाचा जो ढंग दिला तो आमच्याकडे अजून टिकून आहे. 'जिंगल बेल्स' बच्चेकंपनीसाठी, बाकी सगळं मराठी आणि ठेक्यावर. ऐन वेळी आमच्या ढोलकीवाल्याला ताप आला. बाबा एकेकाळी संघात ढोलकी वाजवायचे. पोरं दारात येऊन उभी राहिली. बाबांनी स्वेटर घातला, कानटोपी चढवली आणि निघाले. मीही मागून गेले.

रूट ठरलेला असतो, एकही ख्रिस्ती घर वगळत नाहीत. तिसऱ्या गल्लीत काकाचं घर. रात्रीचा एक वाजला असेल, थंडी मरणाची. बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, ढोलकी कुणाच्या तरी गळ्यात अडकवून बाहेर थांबतील. ते थांबले, पण फाटकाच्या आत, अंगणात, तुळईपाशी. पेटी सुरू झाली. काकू दार उघडून बाहेर आली, मागून काका. आमच्या घराण्यात आवाज काकाचा. आजोबा म्हणायचे, थोरल्याच्या हातात आणि धाकट्याच्या गळ्यात. पहिलं कडवं काका नुसता उभा होता. दुसऱ्या कडव्याला त्यानं सूर लावला. बाबांनी मान वर केली नाही, फक्त ठेका थोडा संथ केला. काकाला त्या गाण्यात वरच्या पट्टीत जायला दम लागतो, हे त्यांना लक्षात होतं.

गाणं झालं. काकूनं चहा दिला. दोघे भाऊ बोलले नाहीत. निघताना काकूनं माझ्या हातात डबा ठेवला, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेला स्टीलचा डबा, वर आईचं नाव कोरलेला. आत शंकरपाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत एक काडी वाढलेली होती. मी मोजल्या होत्या म्हणून कळलं. नियमाप्रमाणे कुणी कुणाला विचारलं नाही.

पंचवीसला काका जेवायला आला, असं लिहिलं तर ही गोष्ट फार छान झाली असती. तो आला नाही. दुपारी तीनच्या सुमारास त्याचा मुलगा सायकलवरून आला, 'पप्पांनी आजीला हे दिलंय' म्हणून मटणाचा डबा ठेवला आणि निघाला. आजीनं त्याला दंडाला धरून जास्तीच्या ताटावर बसवलं. बारा वर्षांचा पोरगा, घरी जेवून आलेला, तरी तीन डोनट खाल्ले. बाबांनी त्याला विचारलं, 'सायकलची चेन पडते का अजून?' तो म्हणाला, 'पडते.' बाबा उठून ऑइलची बाटली शोधायला गेले.

त्या रात्री मी टिळक दांपत्याबद्दल पुन्हा वाचलं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. मग एकत्र आली, पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं की त्यात देवदूत वगैरे येऊन एका झटक्यात काही बदलत नाही. भांडणं आहेत, रुसवे आहेत, स्वयंपाक आहे, आणि माणसं हळूहळू सरकत एकमेकांजवळ येतात. क्षमा म्हटलं की मला पूर्वी प्रवचन आठवायचं. आता सायकलची चेन आठवते.

यंदाही मी चोवीसच्या आधीच निघणार आहे. वाघोलीचं ट्रॅफिक धरून पुणे ते नगर चार तास पकडायचे. गव्हाण मांडून झालीय, आजीनं व्हिडिओ कॉलवर दाखवली. भालेवाला मेंढपाळ अजून आहे, त्याचा एक हात तुटलाय. काड्या बऱ्याच दिसत होत्या, पण झूम करून मोजू दिल्या नाहीत.

परवा काकूचा आईला फोन आला. डोनटचं पीठ यंदा आपण दोघी एकत्र भिजवू का, मैदा किती आणू, असं विचारत होती. आईनं विचारलं, माणसं किती धरायची? पलीकडे जरा वेळ गेला. मग काकू म्हणाली, आम्हा चौघांना धरून सांगा.

दीड गुंठ्याची मोजणी जानेवारीत आहे. ती काही रद्द झालेली नाही.

आईनं चार किलो सांगितला.