कार्बन फायबरचे पार्ट विकायचेत? आधी साच्यावर खर्च करा

कार्बन फायबरमध्ये गाडीच्या साइड मिररची कव्हर्स बनवून विकायची म्हटलं की बरेच जण आधी कापडाचा भाव विचारतात. कापड महाग आहेच. पण पार्टवर जी चमक दिसते, ती साच्याची असते. साच्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक पार्टवर उमटतो. मग घासण्यात वेळ जातो आणि नफाही. म्हणून आज फक्त साच्याबद्दल बोलू.

१. मूळ पार्ट तयार करा. ओरिजिनल कव्हर काढा, धुवा, ओरखडे पुट्टीने भरा, बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखं करा. मग सनमायकाच्या तुकड्यावर बसवा आणि फटी क्लेने बुजवा. कडेला ४–५ सेंमी सपाट जागा सोडा, म्हणजे कापड कडेबाहेर जाऊन नंतर नीट कापता येतं. कव्हरची कड आत वळलेली असेल तर साचा दोन भागांत करा. नाहीतर पार्ट आत अडकलाच म्हणून समजा.

२. वॅक्स. मोल्ड रिलीज वॅक्सचे ५–६ हात द्या. प्रत्येक हात सुकू द्या, पुसून चमकवा, मगच पुढचा. त्यावर पीव्हीएचा पातळ थर द्या. हे म्हणजे फेविकॉल नव्हे बरं का! फेविकॉल चिकटवतो, हे सोडवतं.

३. जेलकोट. टूलिंग जेलकोटचे दोन हात द्या. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, काट्यावर मोजून घ्या. अंदाज नको. दुसरा हात बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, तेव्हा काचेची मॅट लावायची वेळ झाली.

४. मॅट. पहिला थर पातळ, ३०० जीएसएमचा लावा आणि रोलरने सगळी हवा काढा. इथे बुडबुडा राहिला तर जेलकोट पुढे तिथेच फुटतो. तो सेट झाला की ४५० जीएसएमचे थर द्या, पण सगळे एकदम नको. रेझिन सेट होताना तापतं आणि जाड थर एकदम दिला तर साचा वाकतो. साचा पार्टपेक्षा दुप्पट-तिप्पट जाड ठेवा.

५. सोडवणं. किमान एक दिवस हात लावू नका. मग प्लास्टिकच्या पाचरीने कडेकडेने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर मेहनत पाण्यात.

आता महत्त्वाचं. पॉलिस्टर रेझिनचा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, आणि कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. वासासाठी कार्ट्रिजचा मास्क घ्या, साधा कापडी चालत नाही. हे काम घराच्या किचनमध्ये तर नाहीच नाही.

आणि फक्त दिखाव्याचे पार्ट बनवा. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटचे ब्रॅकेट यांना हात लावू नका. तिथे पार्ट तुटला तर गिऱ्हाइकाचा जीव जाईल.

शेवटी हिशोब. समजा, माल आणि तुमची मजुरी धरून साच्याला ६,००० रुपये लागले. ३० पार्ट विकले तर साच्याचा भार पार्टमागे २०० रुपये. दोनच विकले तर ३,०००! म्हणून जी गाडी तुमच्या भागात जास्त दिसते, तिचाच साचा आधी करा. दोन-चार गिऱ्हाइकांकडून ॲडव्हान्स घ्या, मगच वॅक्सचा डबा उघडा. आणि भाव सांगताना साच्याचे हे पैसे धरायला विसरू नका. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, साच्याचे तुम्हालाच त्यातून काढायचे असतात.