पिशवीत कमी, हातात जास्त
खेळाची रीत : लेखांक ७

गोल्फच्या नियमावलीत एक मजेदार गोष्ट आहे. खेळाडूने फेरीला निघताना पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवावेत, असे नियम सांगतो. कमीत कमी किती, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. पंधरावा क्लब सापडला तर ज्या होलवर तो बरोबर होता त्या प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा दंड बसतो, फेरीत जास्तीत जास्त चार. एकच क्लब घेऊन उतरणाऱ्याला मात्र कसलीच आडकाठी नाही. ही मर्यादा खेळाच्या जन्मापासून नव्हती. अमेरिकेत ती १९३८ मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधी हिकरी लाकडाचे दांडे मागे पडून पोलादी दांडे आले होते. अमेरिकेने त्यांना १९२४ मध्ये मान्यता दिली, ब्रिटनने १९२९ मध्ये. लाकडाचा प्रत्येक दांडा वेगळा वाकायचा, पोलादाचे दांडे एकसारखे निघू लागले. त्यातून क्रमांक घातलेले, एकमेकांशी जुळणारे संच बाजारात आले आणि प्रत्येक अंतरासाठी वेगळा क्लब घेण्याची चढाओढ सुरू झाली. लॉसन लिटलसारखा विजेता पंचविसांहून जास्त क्लब घेऊन खेळायचा. ते ओझे अर्थात कॅडीच्या, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाच्या, खांद्यावर. हाताचे कसब पिशवीतून विकत घेता येऊ लागले आहे, ही चिंता त्या मर्यादेमागे होती. या लेखांकाचा विषय त्याच चिंतेचे पुढचे टोक आहे. सरावात चौदांऐवजी तीन किंवा एकच क्लब वापरला, तर खेळाडूची कल्पकता वाढते का? वाढते, असे माझे म्हणणे आहे. पण त्याला काही अटी आहेत, आणि त्या अटीच जास्त महत्त्वाच्या आहेत.

आधी क्लब करतो काय, ते पाहू. क्लबच्या डोक्याचा सपाट भाग मागे कललेला असतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. जुन्या धाटणीच्या संचात तीन नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट २१ अंशांच्या आसपास, सात नंबरचा ३४ च्या आसपास, तर वाळूतून चेंडू काढण्याच्या सँड वेजचा ५६ च्या आसपास असतो. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच जातो, कमी अंतरावर पडतो आणि पडल्यावर लवकर थांबतो. त्यामुळे भरलेली पिशवी असलेल्या खेळाडूपुढचे काम सोपे होते: अंतर मोजायचे, त्या अंतराचा क्लब काढायचा आणि नेहमीचा स्विंग करायचा. फरक पिशवीत असतो, हात तेच काम करतात. आता त्याच्या हाती फक्त सात नंबर द्या. समोर साठ यार्डांवर हिरवळ आहे आणि मध्ये वाळूचा खड्डा आहे. पूर्ण स्विंग केला तर चेंडू दुप्पट लांब जाईल. मग त्याला दांडा खाली पकडावा लागेल, क्लबचे तोंड उघडावे लागेल, चेंडू पुढच्या पायाकडे घ्यावा लागेल, स्विंग अर्ध्यावर थांबवावा लागेल. नाहीतर खड्ड्याला वळसा घालून जमिनीवरून चेंडू घरंगळत नेण्याचा बेत करावा लागेल. ‘कोणता क्लब?’ हा प्रश्नच उरत नाही, ‘कोणता फटका?’ हा उरतो. एकाच विळीवर कांदा, मासळी आणि नारळ उरकणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी पात्याशी धरण्याचा कोन बदलावा लागतो, तसेच हे आहे.

या म्हणण्याचा सर्वांत गाजलेला साक्षीदार स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचा आहे. सांतांदेर शहरासमोर खाडीपलीकडे पेद्रेन्या नावाचे गाव आहे. बोरिवलीहून गोराईला जसे लाँचने जाता येते, तसे तिथेही शहरातून बोटीने खाडी ओलांडून जाता येते. १९५७ मध्ये तिथल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला सेवे बायेस्तेरोस घराशेजारच्या गोल्फ कोर्सवर कॅडी होता. कॅडी पोरांना कोर्सवर खेळायची मुभा जवळजवळ नव्हतीच. थोरल्या भावाने दिलेला तीन नंबरचा एक जुना आयर्न एवढीच त्याची सामग्री आणि समुद्रकिनारा हे त्याचे मैदान. तीन नंबर हा लांब, सरळ फटक्यासाठी घडवलेला क्लब. वाळूतून चेंडू अलगद उचलायला त्याच्याइतका गैरसोयीचा क्लब शोधून सापडणार नाही. सेवेने त्याच क्लबने ते सगळे शिकून घेतले. पुढे त्याने ब्रिटिश ओपन तीनदा (१९७९, १९८४, १९८८) आणि मास्टर्स दोनदा (१९८०, १९८३) जिंकले. १९७९ च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर त्याचा पहिला फटका तात्पुरत्या वाहनतळात गेला आणि तिथून त्याने बर्डी काढली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन होल पुरा केला. त्या वेळी त्याच्या पिशवीत पूर्ण संच होता, हे इथे नोंदवायला हवे. बालपणीच्या तुटवड्याने त्याला साधनांचा तिटकारा शिकवला नव्हता. साधन आणि फटका यांचे नाते एकास एक नसते, एवढे शिकवले होते.

दुसरा साक्षीदार मुंबईच्याच उपनगरातला आहे. चेंबूरला १९२७ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत तिथले कॅडी राहतात. या कॅडींनी लोखंडी सळई ठोकून-वाकवून क्लब बनवले, मुठीला प्लॅस्टिकची नळी चढवली आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ सुरू केले. ‘स्लम गोल्फ’ या नावाने ते जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले; पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांनी त्याची छायाचित्रमालिकाही केली. छायाचित्रांत नजर आधी गरिबीवर जाते, पण खेळाच्या अंगाने पाहिले तर वेगळेच काही दिसते. हाती एकच सळई असते, तिचा लॉफ्ट ठरलेला. जमीन कुठे फरशीची, कुठे सिमेंटची, कुठे मातीची. कधी भिंतीवर चेंडू आपटून कोपरा वळवायचा, कधी पत्र्यावरून पलीकडे टाकायचा. दोन फटके सारखे येत नाहीत आणि क्लब बदलण्याची पळवाट नाही. पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर आणि चेंबूरच्या गल्लीत ही एकच गोष्ट समान आहे: साधन स्थिर, प्रश्न बदलते.

इथे पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप उभा राहतो. सेवे असामान्य होता. पेद्रेन्यात एकाच क्लबने खेळणारी इतरही पोरे असतील. ती ओपन जिंकली नाहीत, म्हणून त्यांच्या कथा आपल्यापर्यंत आल्या नाहीत. जिंकलेल्यांकडे पाहून कारण ठरवणे हा तर्कदोष आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सेवेचे उदाहरण दाखला म्हणून ठेवावे, पुरावा दुसरीकडे शोधावा. १९७९ मध्ये, सेवेने पहिले ओपन जिंकले त्याच वर्षी, जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन प्रकारचे काम होते. एका गटाने एक प्रकार घोटून झाल्यावर दुसरा घेतला; दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार उलटसुलट येत राहिले. सराव चालू असताना पहिला गट सरस ठरला. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट सराव केलेला गट पुढे होता, आणि नव्या, अनोळखी कामातही त्याला जास्त जमले. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडा चालवणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दर वेळी त्याच जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने तिथे पोहोचत होते. कसब एकच हालचाल तंतोतंत उगाळण्यात नसून एकच काम वेगवेगळ्या हालचालींनी साधण्यात असते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

यावर चलाख वाचक विचारेल की, मग चौदा क्लब घेऊनच उलटसुलट सराव का करू नये? वैविध्य हवे, तर ते पिशवीतही आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर म्हणजेच या लेखाचा गाभा आहे. पिशवीतले वैविध्य हाताचे वैविध्य टाळण्यासाठीच घडवलेले असते. दहा-पंधरा यार्डांच्या अंतराने एक-एक क्लब असतो, तो तुम्हाला स्विंग बदलावा लागू नये म्हणूनच. त्यामुळे भरलेल्या पिशवीने केलेल्या सरावात प्रश्न बदलले तरी उत्तराची पद्धत बदलत नाही. क्लब काढून घेतले की बदल शरीराला करावा लागतो. पण याच तर्काची दुसरी बाजूही मान्य करायला हवी: प्रश्न बदलत नसतील, तर क्लब कमी करण्यात काही अर्थ नाही. सरावपट्टीवर उभे राहून एकाच सात नंबरने एकाच झेंड्याकडे शंभर चेंडू मारणारा खेळाडू काटकसर करतो, कल्पकता वाढवत नाही. मर्यादा आणि विविध जमीन ही जोडी आहे. एकीला वगळून दुसरी कामाची नाही.

तिसरा आक्षेप प्रशिक्षकांचा असतो. नवशिक्याच्या हाती एकच क्लब दिला तर नसत्या सवयी लागतील, चेंडू उचलण्यासाठी मनगट झटकण्याची खोड जडेल, असे ते सांगतात. त्यात तथ्य आहे. मूळ स्विंग बसलेला नाही, अशा माणसाला आधी दोन-तीन क्लबांनी साधे फटके जमायला हवेत. योगायोगाने हाही छोटाच संच झाला. स्पर्धेत अपंग होऊन उतरा, असेही कुणी सुचवत नाही. पूर्ण संच हा स्पर्धेचा हक्क आहे. पण छोट्या संचाने नुकसान किती होते, याचा अंदाज मात्र आपण बरेचदा फुगवून करतो. चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने १९१६ ची यूएस ओपन केवळ सात क्लबांनी जिंकली आणि त्याचा २८६ फटक्यांचा विक्रम वीस वर्षे टिकला. तोही लहानपणी कॅडीच होता. १९८७ मध्ये थॅड डेबर या अमेरिकी खेळाडूने एका क्लबच्या जागतिक स्पर्धेत ६,०३७ यार्डांचा कोर्स फक्त सहा नंबरच्या आयर्नने ७० फटक्यांत पुरा केला. पटिंगसुद्धा त्याच क्लबने. ही माणसे सामान्य नव्हती, हे खरे. तरी उरलेले क्लब आपल्याला जितके अनिवार्य वाटतात तितके ते नसतात, एवढे त्यावरून ठरते.

राहिला चौथा आक्षेप. तो नैतिक आहे आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. चेंबूरच्या कॅडीने सळई हौसेने उचलली नव्हती. शेजारच्या हिरवळीवर तो रोज दुसऱ्याची पिशवी वाहत होता आणि स्वतःच्या खेळासाठी त्याला गल्ली उरली होती. अशा स्थितीला ‘मर्यादेतून कल्पकता’ म्हणून गौरवणे म्हणजे अभावाला अलंकार चढवणे नव्हे काय? तसे केले तर नक्कीच आहे. निवडलेली मर्यादा आणि लादलेली मर्यादा यांतला फरक पुसून चालणार नाही. सभासदाचा मुलगा अकरा क्लब घरी ठेवून खेळतो तेव्हा ते क्लब उद्या त्याला परत मिळणार असतात. कॅडीच्या मुलाला नाही. आपल्या देशात अली शेर यांच्यासारखा दिल्लीचा माजी कॅडी १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकतो, तो कोर्सवर पाय ठेवायला मिळाला म्हणून. वस्तीतल्या कौशल्याचे पुढे काय होते, हे शेवटी मैदानाच्या फाटकावर ठरते. म्हणून एकाच तर्काचे दोन वेगळे निष्कर्ष निघतात: ज्यांच्याकडे सगळे आहे त्यांना सरावात कमी द्यावे, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मैदान द्यावे.

हे करून कुठे पाहायचे? खाडीपलीकडच्या गोराईचेच उदाहरण घेऊ. तिथे गोल्फ कोर्स नाही, आणि खाडी, तिवरे, मिठागरे आणि गावठाणे यांच्यामध्ये पाणी पिणारी हिरवळ आणून बसवावी असेही मी म्हणणार नाही. पण कल्पकतेच्या सरावाला कोर्स लागतोच असे नाही. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट ओली वाळू, तिच्यावर भुसभुशीत कोरडी वाळू, पलीकडे गवत आणि सुरूची झाडे: एवढ्यात तीन-चार प्रकारची जमीन होते. एक अट मात्र कडक पाळायला हवी. खरा गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमच्या आसपास वजनाचा आणि दगडासारखा टणक असतो. माणसे, घोडागाड्या आणि वाळत घातलेली जाळी असलेल्या सार्वजनिक किनाऱ्यावर तो वापरणे हा गुन्ह्याइतकाच बेजबाबदारपणा होईल. भोकांचा हलका प्लॅस्टिकचा चेंडू घ्यावा. तो थोड्याच अंतरावर पडतो आणि कुणाला इजा करत नाही. सकाळची, माणसे नसलेली वेळ निवडावी. एक सात किंवा आठ नंबरचा जुना आयर्न चौघांत पुरतो. वाळूत रेघ मारून सहा खुणा कराव्यात, आणि प्रत्येक खूण दोनदा खेळावी, एकदा चेंडू उंच उचलून आणि एकदा जमिनीलगत ठेवून. गुण फटक्यांना द्यावेत तसे मार्ग वेगळा काढण्यालाही द्यावेत. कोर्सवर जाणाऱ्यांनी आठवड्यातली एक फेरी तीन क्लब आणि पटर घेऊन खेळावी, आणि महिन्याने आपला स्कोअर नव्हे तर आपल्याला येणारे फटके मोजावेत. शे आणि मॉर्गनच्या प्रयोगाप्रमाणेच, सरावाच्या दिवशी आकडे बिघडतील. फायदा दिसेल तो पूर्ण पिशवी घेऊन उतरलेल्या दिवशी, चेंडू अशा जागी पडेल तेव्हा, जिथून खेळायला कुठल्याच कंपनीने क्लब बनवलेला नाही.

पुढील लेखांकात : रबरी चेंडू, अंडरआर्म गोलंदाजी आणि इमारतीच्या आवारातले क्रिकेट. जागेची मर्यादा फलंदाजाला काय शिकवते आणि काय विसरायला लावते?