सन्मान निधीचा हप्ता कां चुकतो व तो कसा मिळवावा

प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. तीअन्वयें पात्र शेतकरी कुटुंबास दरसाल ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनीं, बँकेच्या खात्यांत मिळतात. सन २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नमो शेतकरी महासन्मान निधि सुरू करून तितकीच भर घातली. ही भर केंद्राच्या योजनेंतील लाभधारकांसच मिळत असल्यामुळें, तेथें नांव अडलें कीं दोन्हीकडील नुकसान होतें.

हप्ता आला नाहीं म्हणजे पुष्कळ लोक सरकारास दोष देऊन स्वस्थ बसतात. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रस्तुत लेखकास असें दिसून आलें कीं, अडचण बहुधा कागदांत असते. एकच मनुष्य सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारपत्रावर ‘रामचंद्र’ आणि बँकेंत ‘रामभाऊ’ असतो. गांवास तो ठाऊक आहे. यंत्रास तो ठाऊक नाहीं.

म्हणून प्रथम योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून आपली स्थिति पाहावी. स्वतःस जमत नसल्यास सेवा केंद्रांत जावें. तेथें तीन बाबी मुख्यतः तपासाव्या.

पहिली बाब जमिनीच्या नोंदीची. ती जोडलेली नसल्यास सातबारा व ८-अ यांचे चालू उतारे घेऊन तहसील कचेरींत अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. नांवांत केवळ लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५ अन्वयें दुरुस्ती मागतां येते. परंतु बाप वारला असून जमीन अद्याप त्याच्याच नांवें असेल, तर तो लेखनप्रमाद नव्हे. तेथें वारसाचा फेरफारच व्हावयास पाहिजे.

दुसरी बाब ई-केवायसीची. ती भ्रमणध्वनीवर येणाऱ्या अंकांनीं, अंगठ्याच्या ठशानें किंवा चेहऱ्याच्या ओळखीनें करतां येते. वृद्धांचे ठसे झिजलेले असतात. त्यांस तिसरा मार्ग सोयीचा पडतो.

तिसरी बाब बँकेची. खातेपुस्तकावर आधार क्रमांक लिहिलेला असणें निराळें आणि पैसे जमा होण्यासाठीं तें खातें आधाराशीं जोडलेलें असणें निराळें. ज्याचीं दोन-तीन खातीं आहेत त्याची रक्कम शेवटीं जोडलेल्या खात्यांत जाते. म्हणून हप्ता गहाळ झाला असें म्हणण्यापूर्वीं आपलीं सर्व खातेपुस्तकें भरून पाहावीं.

तिन्ही बाबी बरोबर असूनहि पैसे न आल्यास पात्रतेचा विचार करावा. पति, पत्नी व अज्ञान मुलें मिळून एक कुटुंब धरलें जातें. दोघांच्या नांवें जमीन असली तरी लाभ एकच. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनें मिळालेल्या जमिनीवर हक्क सांगतां येत नाहीं; मृत्यूमुळें वारसानें आलेल्या जमिनीवर येतो. दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारेहि, चतुर्थ श्रेणीचे सेवक खेरीजकरून, वगळलेले आहेत.

आयकराविषयीं मोठा गैरसमज आहे. मागील करनिर्धारण वर्षांत ज्यानें आयकर भरला तो अपात्र होय. विवरणपत्र दाखल करणें व कर भरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्जासाठीं अथवा ठेवीवरील कापलेला कर परत मिळविण्यासाठीं कित्येक शेतकरी विवरणपत्र देतात. अशांचें नांव करदाता म्हणून अडल्यास, देय कर शून्य असल्याचें आयकर खात्याचें सूचनापत्र जोडून तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. मात्र ज्यानें खरोखरच कर भरला आहे त्यानें हप्ते ठेवूं नयेत. त्यांची वसुली होते. संकेतस्थळावर रक्कम आपण होऊन परत करण्याची सोय आहे. मृताच्या खात्यांत आलेल्या हप्त्यांसहि हेंच लागू. वारसानें त्यांस हात न लावतां फेरफार करून स्वतःचा अर्ज द्यावा.

प्रत्येक अर्जाची नक्कल, पोंच व तारीख एका पिशवींत जपून ठेवावी. तोंडी विनंति कचेरींतून बाहेर पडतांच विसरली जाते. पोंच असलेल्या अर्जास उत्तर मागतां येतें.