दुभाषा कुठे होता?

इथे सिंगापूरला आपल्या अनेक मराठी घरांत 'हेल्पर' असते, म्हणून पार्ती लियानीचा खटला माहीत हवा. ही इंडोनेशियन बाई एका बड्या असामीकडे जवळपास नऊ वर्षं राबली. २०१६ मध्ये कामावरून काढलं, वर चोरीचा आळ! २०१९ मध्ये २६ महिन्यांची शिक्षा झाली. वकील अनिल बालचंदानींनी फी न घेता अपील लढवलं आणि ४ सप्टेंबर २०२० रोजी हायकोर्टाने तिला निर्दोष सोडलं. पोलिसांनी काही जबाब दुभाषाविनाच घेतले होते, यावर न्यायमूर्ती चान सेंग ऑन यांनी बोट ठेवलं. शिवाय तिला मालकाच्या मुलाच्या घरी, ऑफिसात साफसफाईला पाठवायचे. परमिटवर एकच घर असतं, त्यामुळे हे बेकायदा. तिची त्याबद्दलची तक्रार टाळायलाच हा खटाटोप झाला, असं मानायला जागा आहे, असं कोर्ट म्हणालं. आपणही 'जरा वहिनींकडे पोळ्या करून ये' म्हणून हेल्परला सहज पाठवतो, नाही का?