बियाण्याच्या मांडणीवर फिरती पाटी

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मृगाच्या पावसाबरोबर पेरणीची घाई होते. अशा वेळी नव्या बियाण्याऐवजी जुने पोते उघडले गेले, तर उगवण विरळ होऊन हंगाम हातचा जातो. हे टाळण्यास फिरती पाटी उपयोगी पडते.

मांडणीच्या प्रत्येक कप्प्यापुढे आडव्या सळईवर लाकडी चौकोनी ठोकळा बसवावा. तो हाताने फिरावा, पण आपोआप फिरू नये. त्याच्या चार बाजूंवर ‘रिकामे’, ‘तपासणी बाकी’, ‘पेरणीयोग्य’ व ‘बाद’ असे लिहून निरनिराळे रंग द्यावेत, म्हणजे निरक्षरासही खूण कळेल.

नवा माल आल्यावर ‘तपासणी बाकी’ ही बाजू पुढे करावी. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून सोयाबीनचे किमान ७०, तुरीचे ७५ उगवले, तरच ‘पेरणीयोग्य’ फिरवावी. प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी मात्र पोत्यावरून काढू नये. वाण, गट क्रमांक व मुदत तीवरूनच कळते.

औषध लावलेले बियाणे ‘बाद’ झाले, तरी ते धान्यात मिसळू नये. ते विषारी असते. ग्राम कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच ही व्यवस्था गावोगाव करून दाखवावी.