मरायला नकार देणारी पेशी

आईच्या पोटात बाळाच्या बोटांमध्ये सुरुवातीला बदकासारखा पडदा असतो. त्या पडद्यातल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, तेव्हा बोटे सुटी होतात. म्हातारी किंवा बिघडलेली पेशीही अशीच स्वतःहून संपते. याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. अनित्यता आपल्या अंगातच रोज चालू असते.

हे समजण्यात उंदरांचाही वाटा आहे. उंदराचे एक जनुक काढून टाकायचे आणि काय बिघडते ते पाहायचे. ही पद्धत शोधणाऱ्या तिघांना २००७चे नोबेल मिळाले. २००० साली पेशीमृत्यू घडवणारी बॅक्स आणि बॅक ही दोन्ही जनुके काढली, तेव्हा बहुतेक पिल्ले दगावली. जी जगली, त्यांच्या बोटांमधला पडदा तसाच राहिला. त्याआधी १९९२ मध्ये पी-५३ हे जनुक काढलेले उंदीर जन्मतः धडधाकट दिसले, पण सहा महिन्यांत बहुतेकांना गाठी आल्या. बिघडलेल्या पेशीला थांबवणारा, गरज पडल्यास मरायला लावणारा पहारेकरीच गेला होता. कॅन्सर म्हणजे मरायला नकार देणारी पेशी.

आपल्या राज्यातही खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत असे उंदीर संशोधनासाठी ठेवतात.

मग पहिल्या शीलाचे काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांना आपल्याकडे नैतिक समितीची परवानगी लागते. गरज नसताना एकही जीव जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

या उंदरांनी शिकवलेले आपण वाया घालवू नये. तंबाखूतली विषारी द्रव्ये याच पी-५३ जनुकाला इजा करतात. कुंडल-पलूस भागात मशेरी लावणाऱ्या आयाबाया आणि गुटखा खाणारी पोरे घरोघर आहेत. मशेरी औषध नव्हे, ती भाजलेली तंबाखूच. पाचवे शील फक्त दारूपुरते समजू नका.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड तपासा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाने होणारी आग, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढे मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात जावे लागले, तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात.

लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बहुधा बरा होतो. या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर एकमेकींची तोंडे तपासा. लाजू नका.